कंप्युटरचं वायफाय सारखं तुटतंय? आधी केव्हा तुटतं ते लिहून ठेवा

मोबाइलवर नेट चालतं, टीव्हीवर मालिका चालतात, फक्त टेबलावरचा कंप्युटर मधूनच रुसतो. राउटर बंद करून चालू केला की लागतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ग्वाल्हेरात, त्यातही लश्कर नावाच्या जुन्या भागातल्या घरांतून, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही पहिल्या नंबरावर आहे. सांगणाऱ्याचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : "विंडोज नवीन टाकून देतोस का रे?"

टाकून देता येतं, पण दुखणं बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतंच. आणि राउटर बंद-चालू करण्याचा जो उपाय सगळ्यांना पाठ आहे, त्यानेच खरं कारण झाकलं जातं. राउटर नव्याने उठला की तो चॅनेल (वायफायच्या लहरींची वाट) पुन्हा निवडतो, सगळ्या उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते पुन्हा वाटतो, नेट देणाऱ्या कंपनीशी पुन्हा जोडला जातो आणि चिकटून बसलेली जुनी जोडणी तोडून टाकतो. यांतल्या एका गोष्टीने काम झालेलं असतं. कोणत्या, ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी नेट गेलं की राउटरकडे धावू नका. आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा : किती वाजले होते, त्या वेळी घरात काय चालू होतं, आणि राउटरचे दिवे कसे होते. आठवडाभराचा असा कागद समोर आला तर निम्मं निदान मी फोनवर सांगू शकतो.

"मोबाइल तर चालतोय" ही साक्ष मात्र धरू नका. वायफाय कच्चं झालं की मोबाइल गुपचूप सिमच्या नेटवर जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. खरी परीक्षा घ्यायची तर मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, त्यात फक्त वायफाय चालू करा आणि तो कंप्युटरच्या डब्याच्या मागे, जिथे डोंगल (वायफाय पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा) खोचलेला आहे, तिथे नेऊन धरा. हातात धरून दारात उभं राहिल्यावर जे चार दांडे दिसतात, ते तिथे एकावर आलेले दिसतील. पुष्कळ जणांचा शोध इथेच संपतो.

तुटतं कुठे?

कंप्युटरपासून राउटरपर्यंत एक टप्पा, राउटरपासून कंपनीपर्यंत दुसरा. कोणता टप्पा तुटला हे पाहायला विंडोजचं बटण दाबून सीएमडी (cmd) टाइप करा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर मारा आणि वायफायच्या भागात दोन ओळी शोधा : आयपीव्ही४ अॅड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे. गेटवे म्हणजे तुमचा राउटर. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. आता पिंग (ping) लिहून, एक जागा सोडून, तो पत्ता लिहा आणि एंटर मारा.

राउटरकडून उत्तरं येत असतील, तीही पाच-दहा मिलिसेकंदांच्या आत, तर तुमचं वायफाय ठणठणीत आहे. मग हाच प्रयोग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर करा. तिथून उत्तर नाही, तर भानगड राउटरच्या पलीकडे आहे. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर तार कुठेतरी तुटली किंवा दबली आहे. कंपनीला फोन करा आणि कंप्युटरला हात लावू नका. पण राउटरकडूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल किंवा आकडे तीनशे-चारशेवर उड्या मारत असतील, तर दोष घरातलाच. दोन्हीकडून उत्तरं येतात आणि तरी एकही साइट उघडत नाही, असं झालं तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. त्याचं कारण पुढे येतंय.

लाइट जाऊन आली की

आमच्याकडे तुटण्याची सगळ्यात ठळक वेळ हीच. बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लाइनवर पंखे आणि ट्यूबलाइट असतात, कंप्युटरला स्वतःचा यूपीएस असतो, आणि राउटर मात्र दिवाणखान्यातल्या साध्या प्लगवर. लाइट गेली की राउटर मरतो आणि कंप्युटर जागाच राहतो. लाइट आल्यावर राउटरचं वायफाय लवकर दिसायला लागतं, पण त्याच्या आतली सगळी यंत्रणा अजून उठलेली नसते. कंप्युटर घाई करून जोडला जातो, पत्ता मागतो, देणारं कोणी नसतं, मग तो स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन बसतो. आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजा, हेच झालंय. वर चिन्ह 'कनेक्टेड' आणि खाली 'नो इंटरनेट'. विंडोज काही मिनिटांनी पुन्हा विचारतं, पण तोवर कोणीतरी राउटर बंद करून आलेलं असतं आणि गाडं परत मूळ पदावर.

यावर तातडीचा इलाज म्हणजे फक्त कंप्युटरचं वायफाय डिस्कनेक्ट करून पुन्हा जोडणं. राउटर तसाच राहू द्या. कायमचा इलाज म्हणजे राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणं, किंवा बाजारात राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो लावणं. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बारा व्होल्ट सर्रास असतात, अँपिअर मात्र वेगवेगळे. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांचीही सोय करावी लागेल. एकालाच जागं ठेवून उपयोग नाही.

लाइट गेली नव्हती तरी असं होतं, असं कोणी म्हणालं की मी पाण्याची वेळ विचारतो. तिघरा धरणाचं पाणी नळाला आलं की गल्लीत टुल्लू (पाणी खेचायचे छोटे पंप) सुरू होतात, क्षणभर व्होल्टेज खाली येतं, ट्यूबलाइट डोळा मिचकावते, आणि जुना झालेला राउटरचा अडॅप्टर तेवढ्यानेही राउटरला झोपवतो. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं, त्यावर 'अपटाइम', म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, ते लिहिलेलं असतं. सकाळी पाणी भरून झाल्यावर तो पाहा; काही मिनिटांचाच दिसला तर राउटर मघाशी स्वतःच बंद पडून उठला होता. अडॅप्टर बदला, त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा. राउटर बदलू नका.

आता तारखेची गोष्ट. लश्करातल्याच चिटणीस की गोठ या वस्तीत राहणाऱ्या एका काकांचा कंप्युटर रोज सकाळी वायफायला जोडलेला दिसायचा, पण बँकेची साइट उघडायची नाही, मेल उघडायची नाही. "वायफाय सडलंय" असा त्यांचा निष्कर्ष होता. पडद्यावर क्रोम स्पष्ट सांगत होतं, 'युअर क्लॉक इज बिहाइंड'. ते वाक्य न वाचताच खिडकी बंद केली जात होती. कोपऱ्यात तारीख होती जानेवारीतली, तीही कितीतरी वर्षांपूर्वीची. प्रत्येक सुरक्षित साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. कंप्युटरच्या मते ती तारीख अजून उगवलेलीच नाही, म्हणून तो साइट नाकारतो. वायफायचा यात काडीचा संबंध नाही.

मूळ दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा, सीआर २०३२, तीन व्होल्ट. कंप्युटरला वीज मिळत असते तोवर घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेल वाचतो. रात्री झोपताना बोर्डाचा खटका पाडायची ज्यांना शिस्त आहे, त्यांचा सेल लवकर संपतो. काका त्यांतलेच. बरं, नेट लागल्यावर विंडोज वेळ आपोआप दुरुस्त करेल म्हणावं, तर घड्याळ पंधरा तासांपेक्षा जास्त चुकलेलं असेल तर घरगुती विंडोजची वेळ-सेवा सहसा हात वर करते. तेव्हा तारीख हाताने घाला, आणि बंद कंप्युटरचा प्लग काढून सेल बदला. जुना काढताना अधिक चिन्हाची बाजू कुठे होती ते बघून ठेवा.

उन्हाळ्यात दुपारी, आणि दिवाळीत अजिबात नाही

ही तक्रार एप्रिलमध्ये येते आणि पावसाबरोबर जाते, म्हणून कोणीच तिच्या मुळाशी जात नाही. लोक उकाड्याला दोष देतात. राउटर तापतो हे खरं, त्याला टीव्हीमागच्या बंद कप्प्यात कोंडू नये हेही खरं. पण खरा गुन्हेगार बहुधा खिडकीत बसलेला असतो : कूलर.

लश्करातली जुनी घरं दगडी. भिंत दीड-दोन फुटांची, वर पटियांचं (दगडी फरश्यांचं) छत. असल्या भिंतीतून वायफाय पार होत नाही म्हटलं तरी चालेल. एक भिंत ओलांडताना जीव निघतो, दुसरीनंतर उरत नाही. तरीही आतल्या खोलीत नेट मिळतं, कारण ते भिंतीतून येतच नसतं. ते दारातून चौकात उतरतं आणि चौकातून पलीकडच्या खिडकीने आत शिरतं. घराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा, राउटरपासून कंप्युटरपर्यंत उघड्या जागांची वाट शोधा; सिग्नल त्याच वाटेने येतोय. आणि एप्रिलमध्ये नेमक्या त्या खिडकीत तुम्ही जस्ती पत्र्याचा, पोटात टाकीभर पाणी आणि तिन्ही बाजूंना भिजलेल्या जाळ्या असलेला कूलर बसवता. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषतं. वाट बुजली.

खात्री करायची असेल तर कूलर बंद करून उपयोग नाही, कारण त्रास मोटरीचा नसून अंगाचा आहे. कूलर खिडकीतून अर्धा तास बाजूला सरकवा आणि पिंगचे आकडे पाहा. सरकवता येत नसेल तर मोबाइलची फ्लाइट मोडवाली परीक्षा कूलरच्या अलीकडे आणि पलीकडे घ्या. उपाय सोपा : उन्हाळ्यापुरता राउटर अशा जागी न्या जिथून उघडं दार मिळतं, किंवा चौकाकडे तोंड करून उंचावर टांगा. चार अँटेनांचा महाग राउटर आणून दगड पातळ होत नाही. रिपीटरबद्दल विचारतात, त्याला ठेवायची जागा जर कच्च्या सिग्नलची असेल तर तो तोच कच्चा सिग्नल पुढे वाटतो, आणि साधा रिपीटर निम्मा वेग स्वतःच खातो.

वायफायचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. दगडी घरात ५ चाही फार मोह धरू नका. राउटरच्याच खोलीत कंप्युटर असेल तर तो उत्तम, वेगही आणि शांतताही. भिंत मध्ये आली की २.४ बरा.

डोंगल मागे, पेनड्राइव्ह शेजारी

टेबलावरच्या कंप्युटरचं दुर्दैव असं की त्याचं वायफाय म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा डोंगल, आणि तो खोचलेला असतो डब्याच्या मागच्या बाजूला : पुढे पत्र्याचा डबा, मागे दगडी भिंत, एका अंगाला लोखंडी कपाट, वर तारांचा गुंता आणि जळमटं. याहून वाईट जागा घरात शोधून सापडणार नाही.

त्यात भर यूएसबी ३ ची. निळ्या रंगाच्या त्या जलद पोर्टमध्ये हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह चालू असला की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच त्याचा गोंगाट पसरतो. हा ऐकीव किस्सा नाही; इंटेलनेच २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. लग्नाचे फोटो डिस्कवर उतरवायला घेतले आणि नेट गेलं, किंवा बिनतारी माउस अडखळायला लागला, तर दुसरीकडे शोधू नका. हाताशी असेल ती यूएसबीची एक्स्टेंशन केबल घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावा आणि टोक टेबलावर, मॉनिटरच्या वर, डिस्कपासून लांब न्या. एवढ्याने इतका फरक पडतो की नवीन डोंगल घ्यायला निघालेल्यांना मी आधी केबल घेऊन पाठवतो.

मोबाइलला नाव दिसतं, कंप्युटरला दिसतच नाही

पहिलं कारण साधं : स्वस्त डोंगल फक्त २.४ वर चालतो आणि राउटरने दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आहेत. ५ चं नाव त्याला जन्मात दिसणार नाही.

दुसरं जास्त फसवं. आपल्याकडे २.४ मध्ये एक ते तेरा चॅनेल चालतात, पण काही डोंगल अमेरिकेच्या हिशेबाने बनलेले असतात आणि अकरापर्यंतच ऐकतात. राउटर 'ऑटो'वर असेल आणि एखाद्या दिवशी उठताना त्याने बारा किंवा तेरा निवडला, की कंप्युटरच्या यादीतून तुमचं नाव गायब. मोबाइलला दिसतंय, शेजाऱ्यांची सगळी नावंही दिसतात, आपलंच नाही! बंद-चालू केल्यावर राउटर सहावर जातो आणि सगळं ठीक. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा सोंगट्या पडतात.

राउटरच्या पानावर जाऊन चॅनेल एक, सहा किंवा अकरा यांपैकी एकावर खिळवून टाका आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हेच तीन का, तर बाकीचे एकमेकांच्या अंगावर चढतात. कोणता निवडायचा ते रात्री नऊच्या सुमाराला मोबाइलच्या वायफाय अॅनालायझर अॅपवर पाहा, कारण गर्दी तेव्हाच असते. दुपारी मोकळा दिसलेला चॅनेल रात्री भरलेला निघतो. फक्त रात्रीच तुटत असेल तरी इलाज हाच.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडत नाही, असं असेल तर राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर आहे का बघा. जुन्या डोंगलला ती कळत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींची मिश्र सेटिंग ठेवा. पासवर्ड काढून उघडं वायफाय ठेवू नका, गल्ली अरुंद आहे.

चहा घेऊन येईपर्यंत तुटलेलं असतं

कंप्युटर थोडा वेळ रिकामा राहिला की नेट जातं आणि माउस हलवल्यावरही येत नाही, हे मात्र विंडोजचं काम. वीज वाचवायला ते डोंगल झोपवतं आणि डोंगल नीट उठत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली आपल्या वायफायवर दोनदा क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड आहे, तेही बंद. एखाद्या अपडेटनंतरच हे सुरू झालं असेल तर तिथेच ड्रायव्हरच्या (डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टॅबमध्ये 'रोल बॅक' वापरून बघा.

आणखी एक : हा त्रास शटडाउन करून चालू केल्यानेही जात नाही आणि रीस्टार्टने जातं, असं आढळलं तर चक्रावू नका. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतली अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने उठतं.

तारेबद्दल

हे सगळं करूनही आतल्या खोलीत रडगाणं चालूच असेल तर माझं मत सरळ आहे : टेबलावरचा कंप्युटर कुठे फिरायला जात नाही, त्याला तार लावा. कॅट ६ ची केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते, घरात वीस-तीस मीटरच्या वर लागत नाही. दगडात भोक पाडायला घरमालक किंवा आजोबा परवानगी देणार नाहीत; द्यायचीही गरज नाही. दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेने किंवा झरोक्यातून ती जाते. चौकातून उघड्यावर न्यावी लागली तर बाहेर वापरायची काळ्या आवरणाची केबल मागा, आतली साधी केबल इथल्या उन्हात तडकते. विजेच्या तारेला चिकटवून नेऊ नका. केबलच्या टोकांचे प्लग मात्र दुकानातच बसवून घ्या आणि दोन्ही टोकं तिथेच तपासून घ्या. घरी येऊन कळलं तर चौकटीतून सगळी केबल परत ओढावी लागते.

डोंगल मग काढून ड्रॉवरमध्ये टाकून द्या. प्रिंटर वायफायवर असला तरी तो राउटरमार्फत तारेवरच्या कंप्युटरलाही सापडतो. फक्त राउटरवर तो पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कला जोडलेला नाही ना, तेवढं बघा.